सजीवांचा कुलवृत्तान्त लिहिणारा डार्विन

आपल्या बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत तसबिरींमागे किंवा देवघराच्या फडताळात एक तरी वंशावळ सापडतेच. मूळ पुरुष कोणत्या गावाहून, कोणत्या सरदाराच्या पदरी गुजरातेत उतरला, त्याला मुलगे किती, त्यांतला निपुत्रिक कोण, दत्तक कोण, हे सारे कुणा हौशी आजोबांनी टाकाने लिहून ठेवलेले असते. मुलींची नावे बहुधा नसतात. ज्यांच्या घरी छापील कुलवृत्तान्त आहे त्यांच्या अभिमानाविषयी तर बोलायलाच नको. आम्हा गवयांकडे रक्ताच्या वंशावळीपेक्षा विद्येची वंशावळ अधिक जपतात, आणि तिच्यावरून भांडणेही अधिक होतात.

माझे वडील संस्थानच्या कलावंत कारखान्यात अगदी शेवटची काही वर्षे चाकरीला होते. १९४९ साली बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले. मी त्यांच्या उतारवयाचा मुलगा, त्यामुळे दरबार मला ठाऊक तो त्यांच्या गोष्टींतूनच. त्यांच्या पहिल्या पुण्यतिथीला आम्ही एक लहानशी स्मरणिका काढली. तिच्या मलपृष्ठावर आमच्या परंपरेचा वृक्ष मी स्वतःच्या हाताने काढला होता. बुंध्याशी गुरुजी, तेथून सरळ वर वडील, आणि शेंड्याला, संकोचत का होईना, मी. गुरुजींच्या दुसऱ्या पट्टशिष्याला मी डावीकडे एक फांदी दिली. अंक वाटून आठवडा झाला नाही तोच त्यांचे नातू दुपारच्या उन्हात घरी आले. स्वतः उत्तम गाणारे गृहस्थ. त्यांनी स्मरणिका पेटीवर ठेवली आणि शांतपणे विचारले, की दोघे एकाच सतरंजीवर बसून शिकले, तर तुमचे वडील खोड आणि माझे आजोबा फांदी हे ठरवले कोणी? मला उत्तर सुचले नाही. जे सुचले ते उद्धटपणाचे होते. पुढे कित्येक वर्षे आमचे बोलणे नव्हते.

ह्या प्रश्नाचे उत्तर मला संगीताच्या पुस्तकांत मिळाले नाही. ते मिळाले एका इंग्रज गृहस्थाच्या चरित्रात, आणि गंमत अशी की त्या गृहस्थाला सुराचा कान मुळीच नव्हता.

चार्ल्स डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडात श्रूजबरी ह्या गावी झाला. वडील रॉबर्ट डार्विन नामांकित डॉक्टर. आजोबा इरॅझ्मस हेही डॉक्टर, शिवाय कवी. सगळे उष्ण रक्ताचे प्राणी एकाच मूळ तंतूपासून निघाले असावेत, ही कल्पना त्यांनी नातवाच्या जन्माआधीच ग्रंथात मांडून ठेवलेली. आईचे वडील जोसाया वेजवुड हे चिनी मातीच्या भांड्यांचे विख्यात कारखानदार. म्हणजे एका घरात विद्या, दुसऱ्या घरात लक्ष्मी, आणि दोन्ही घरांचा घरोबा. आई मात्र चार्ल्स आठ वर्षांचा असतानाच गेली.

वडिलांनी १८२५ साली त्याला डॉक्टरी शिकायला एडिंबरोला धाडले. भूल देण्याचे औषध अजून निघाले नव्हते. एका लहान मुलावर चाललेली शस्त्रक्रिया पाहून हा जो पळाला तो पुन्हा त्या दालनात फिरकला नाही. पण त्याच गावी जॉन एडमनस्टन नावाच्या, गुलामगिरीतून सुटलेल्या एका कृष्णवर्णी माणसाकडून तो पक्ष्यांच्या कातड्यात पेंढा भरण्याची विद्या शिकला, आणि ती त्याला जन्मभर उपयोगी पडली. गुरू कुठे भेटेल ह्याचा नेम नसतो, हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही पटेल.

डॉक्टरी सुटल्यावर धर्मोपदेशक तरी व्हावे म्हणून वडिलांनी त्याला केंब्रिजला घातले. तेथे त्याने अभ्यासापेक्षा भुंगेरे अधिक जमवले. एकदा दोन्ही हातांत दोन दुर्मिळ भुंगेरे असताना तिसरा दिसला, तेव्हा हातातला एक त्याने तोंडात धरला. त्या किड्याने असा काही जळजळीत रस सोडला की दोन किडे गमवावे लागले. गाण्याचे वेडही त्याला तेथेच लागले. प्रार्थनामंदिरातले समूहगान ऐकताना त्याच्या पाठीच्या कण्यातून शहारा जाई, कधी गायक मुलांना पैसे देऊन तो आपल्या खोलीवर गाववून घेई. पण तोच सूर लय बदलून वाजवला की तो त्याला ओळखू येत नसे. मित्र त्याची परीक्षा घेत, राष्ट्रगीतच जरा जलद किंवा जरा सावकाश वाजवत, आणि हा गोंधळून जाई. माझ्या वर्गात असे विद्यार्थी येतात. मी त्यांना परत पाठवत नाही, ह्याचे एक कारण डार्विन आहे.

केंब्रिजचे वनस्पतिशास्त्राचे अध्यापक हेन्स्लो ह्यांनी ह्या मुलाची नजर हेरली आणि ‘बीगल’ नावाच्या सरकारी मोजणीच्या जहाजावर त्याची वर्णी लावून दिली. जहाज २७ डिसेंबर १८३१ रोजी निघाले आणि २ ऑक्टोबर १८३६ रोजी परतले. ह्या पाच वर्षांची कथा अनेकांनी लिहिली आहे, म्हणून मी ती सारी सांगत बसत नाही. आपल्या विषयाशी संबंध आहे तो दोन गोष्टींचा. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर त्याला जमिनीतून प्रचंड प्राण्यांची हाडे मिळाली. ते प्राणी नामशेष झालेले, पण त्यांची घडण त्याच मुलखात आज नांदणाऱ्या लहान प्राण्यांशी मिळतीजुळती. आणि १८३५ साली गालापागोस बेटांवर त्याने जे लहानसहान पक्षी मारून आणले, त्यांत एका बेटाचा पक्षी शेजारच्या बेटावरच्या पक्ष्यापेक्षा थोडा निराळा निघाला.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बेटांवर उभा असताना डार्विनला काही साक्षात्कार झाला नाही. फिंच नावाच्या त्या पक्ष्यांपैकी कोणता कोणत्या बेटावरचा हे त्याने नीट लिहूनसुद्धा ठेवले नव्हते. काहींना तर तो भलत्याच कुळांतले समजत होता. लंडनला परतल्यावर १८३७ च्या आरंभी पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड ह्यांनी ती कातडी पाहिली आणि सांगितले की, चोची जाड-बारीक, लांब-आखूड कशाही असोत, हे सारे एकाच कुळातले फिंच आहेत. आणि मॉकिंगबर्ड पक्ष्यांच्या तर वेगवेगळ्या बेटांवर तीन वेगळ्या जाती आहेत. डार्विनची झोप उडाली ती येथे. समुद्रातून वर आलेल्या त्या उजाड बेटांवर एकाच कुळाच्या इतक्या शाखा, आणि नाते अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या पक्ष्यांशी! मूळ पुरुष किनाऱ्यावरून उडत आला आणि त्याचे वंशज बेटाबेटांवर वेगळे झाले, असे मानले तरच ह्याचा उलगडा होतो.

त्या वर्षीच्या जुलैत त्याने एक वही सुरू केली. तिला ‘बी’ हे अक्षर दिले. तिच्या छत्तिसाव्या पानावर शाईने काढलेली एक आकृती आहे. तिच्या वर, आपल्याला असे वाटते, एवढ्याच अर्थाचे दोन शब्द त्याने लिहिले आहेत. चित्रकला यथातथाच. खाली १ हा आकडा, तेथून निघालेली एक रेघ, तिला फाटे, फाट्यांना फाटे. टोकांना ए, बी, सी, डी अशी अक्षरे. एखाद्या मुलाने वाळलेली काटकी काढावी तसे दिसते. पण आजवर जिवांच्या नात्याची जी जी चित्रे निघाली त्यांतले पुष्कळसे त्या काटकीत आहे, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबू.

तिच्यात पाहायचे ते काय? पहिली गोष्ट अशी की, नाते टोकांच्या जवळिकीवर नसते, ते फाट्यावर असते. दोन टोकांवर बोट ठेवावे आणि दोन्ही रेघांवरून खाली उतरत यावे. बोटे जेथे भेटतील तो त्या दोघांचा समाईक पूर्वज. बी आणि सी ही टोके लवकर भेटतात म्हणून ती जवळची; ए मात्र पार मुळाजवळ भेटते म्हणून दूरचे. आपल्या वंशावळीतही हेच नाही का? सख्खा भाऊ एका पिढीवर भेटतो, चुलत भाऊ दोन पिढ्यांवर. कागदावर कोणाचे नाव कोणाशेजारी पडले ह्याला महत्त्व नाही. कोणताही फाटा हाताने धरून उलटा फिरवावा, डावीकडचे उजवीकडे जाईल, पण नात्यात रतिमात्र फरक पडणार नाही.

दुसरी गोष्ट त्याहून बारीक आहे. काही रेघांच्या टोकाला डार्विनने एक आडवी दांडी दिली आहे. दांडी असलेली जात आज जिवंत. दांडी नसलेली रेघ मध्येच संपते, ती जात नष्ट झाली. बिनदांडीच्या रेघाही चित्रात पुष्कळ आहेत. त्यांच्याविना जिवंत जातींमधली अंतरे समजायचीच नाहीत. मधले गेले म्हणून तर हे उरलेले एकमेकांपासून इतके लांब दिसतात. ह्याच वहीत आधी त्याच्या मनात झाडाऐवजी पोवळ्याची उपमा आली होती, कारण पोवळ्याच्या खालच्या फांद्या मेलेल्या असतात आणि जिवंतपणा टोकांना.

ही आकृती पाहिल्यावर मी स्मरणिकेतला वृक्ष पुन्हा काढला. खोड मोडून टाकले. गुरुजींपासून दोन सारख्या रेघा काढल्या, एकीवर माझे वडील, दुसरीवर ते आजोबा, आणि कागद टपालाने पाठवला. पंधरा दिवसांनी तोच कागद परत आला. पत्र नाही, मजकूर नाही. फक्त गुरुजींपासून शिसपेन्सिलीने तिसरी रेघ काढलेली आणि तिच्यावर एका बाईंचे नाव. त्या दोघांच्याच बरोबर शिकत होत्या. लग्नानंतर गाणे सुटले, शिष्य कोणी नाही. मला त्यांचे नाव लहानपणापासून ठाऊक होते. वडील त्यांच्या गळ्याची आठवण काढत. स्मरणिकेच्या वेळी ते मला आठवलेसुद्धा नव्हते.

असो. वहीतली काटकी डार्विनने कोणाला दाखवली नाही. १८३८ च्या शरद ऋतूत माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध त्याच्या वाचनात आला आणि जाती बदलतात कशा ह्याचे उत्तर त्याला सापडले: जन्मतात फार, जगतात थोडे, आणि जगण्याला जे वैशिष्ट्य सोयीचे ते पुढच्या पिढीत उतरत जाते. तीच नैसर्गिक निवड. त्याच सुमारास त्याने लग्न करावे की न करावे ह्याची बाजू-प्रतिबाजू कागदावर मांडली, करावे असा निकाल दिला, आणि २९ जानेवारी १८३९ रोजी एमा वेजवुडशी लग्न केले. एमा ही त्याची मामेबहीण. मामाची मुलगी करण्याचा आपल्याकडेही पुष्कळ घरांत रिवाज आहे, त्यामुळे ह्यात आपल्याला नवल वाटणार नाही. डार्विनला मात्र ह्या गोष्टीने पुढे फार छळले.

१८४२ साली जोडपे लंडन सोडून केंट परगण्यातल्या डाउन गावी राहायला गेले आणि मरेपर्यंत तेथेच राहिले. प्रकृती त्याने कायमची गमावली होती. उलट्या, धडधड, थकवा, ह्यांतून आठवडेच्या आठवडे जात. आपल्या विचारांचे पहिले टाचण त्याने १८४२ त केले, १८४४ त सुमारे २३० पानांचा निबंध लिहून काढला आणि बायकोच्या नावे पत्र ठेवले की, मी मेलो तर एवढा छापून काढ, त्यासाठी ४०० पौंड खर्च कर. स्वतः छापायला मात्र तो धजेना. मित्र हूकरला जाती अचल नाहीत एवढे लिहून कळवतानासुद्धा आपण एखादा गुन्हा कबूल करतो आहोत असे त्याला वाटले. एमा श्रद्धाळू होती. मृत्यूनंतर आपली ताटातूट होईल की काय ही भीती तिला होती. ती भीती डार्विनला ठाऊक होती.

मग त्याने एक विलक्षण गोष्ट केली. १८४६ पासून आठ वर्षे तो बार्नॅकल नावाच्या क्षुद्र प्राण्यांत बुडून गेला. समुद्रकाठच्या खडकांना आणि होड्यांच्या तळाला पांढऱ्या, टोकदार कवच्या घट्ट चिकटलेल्या असतात, त्या ह्यांच्याच. कवच पाहून जुने पंडित त्यांना शिंपल्यांचे भाऊबंद समजत. १८३० साली टॉमसन नावाच्या एका लष्करी डॉक्टरने दाखवून दिले की त्यांची पिल्ले पाण्यात पोहतात आणि ती कोळंबी-खेकड्यांच्या पिल्लांसारखी असतात. म्हणजे नाते कवचावरून नव्हे, बाळपणावरून उघड झाले. डार्विनने जगभरचे बार्नॅकल मागवून सूक्ष्मदर्शकाखाली फाडले आणि त्यांच्यावर चार ग्रंथ लिहिले. असे सांगतात की त्याच्या एका मुलाने शेजाऱ्यांकडे जाऊन विचारले, तुमचे वडील त्यांचे बार्नॅकल कुठे करतात? सगळ्याच बापांना हा उद्योग असतो अशी त्या पोराची समजूत. कोणी म्हणतात ही आठ वर्षे वाया गेली. मला तसे वाटत नाही. पलटे घोटल्याशिवाय राग हाती येत नाही. एका कुळाचा सबंध वृत्तान्त स्वतःच्या हाताने मांडल्यावाचून साऱ्या सजीवांच्या कुळाबद्दल बोलण्याचा अधिकार त्याला आला नसता.

ह्याच वर्षांत त्याच्यावर घाला पडला. त्याची दहा वर्षांची लाडकी मुलगी ॲनी आजारी पडली. मॉल्व्हर्न येथे पाण्याच्या उपचारांसाठी नेले, पण २३ एप्रिल १८५१ रोजी ती गेली. एमा बाळंतपणाला आल्यामुळे घरीच होती. मुलीपाशी बाप एकटा. दहा मुलांपैकी तीन लहानपणीच दगावली. रोपांवर प्रयोग करताना जवळच्या नात्यातला संकर संततीला दुबळे करतो असे त्याला दिसू लागले, आणि मामेबहिणीशी केलेल्या आपल्या लग्नाचे फळ तर मुले भोगत नाहीत ना, हा किडा त्याच्या मनात शिरला. पुढे १८७१ च्या खानेसुमारीत चुलत-मामे भावंडांच्या लग्नांविषयी प्रश्न घालावा अशी खटपट त्याने आपला मित्र लबक ह्याच्यामार्फत पार्लमेंटात करवली. पार्लमेंटाने ती फेटाळली. शेवटी त्याच्या जॉर्ज ह्या मुलाने स्वतःच आकडे जमवून १८७५ त निबंध प्रसिद्ध केला; भय होते त्या मानाने अपाय थोडा, असा त्याचा निष्कर्ष होता. जिवांची वंशावळ मांडणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरची वंशावळ अशी टोचत राहिली.

१८५५ पासून त्याने कबुतरे पाळली. लंडनच्या कबुतरबाजांच्या मंडळांत हा श्रीमंत, आजारी गृहस्थ जाऊन बसू लागला. लक्का, लोटण, गळा फुगवणारे, अशा कितीतरी तऱ्हा. रानात सापडल्या असत्या तर पक्षितज्ज्ञांनी त्यांना वेगळ्या जाती ठरवले असते. पण साऱ्यांचा मूळ पुरुष एकच, आपल्या देवळांच्या कोनाड्यांत घुमणारे साधे पारवे. आपल्या देशाशी त्याचा संबंध येथे आला. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे एडवर्ड ब्लाइथ त्याला हिंदुस्थानातल्या पाळीव जनावरांची माहिती पत्रांनी पुरवत. अकबराच्या लवाजम्याबरोबर वीस हजार कबुतरे असत, ही गोष्टही त्याने आपल्या ग्रंथात आवर्जून नोंदवली आहे. माणसाने शे-दोनशे पिढ्यांत निवडून निवडून एवढा पालट घडवला, तर निसर्गाला लक्षावधी पिढ्यांत काय अशक्य?

तरीही ग्रंथ लांबतच होता. १८ जून १८५८ रोजी मलाया द्वीपसमूहातून टपाल आले. आल्फ्रेड रसेल वॉलेस नावाच्या, प्राण्यांचे नमुने विकून पोट भरणाऱ्या एका तरुण संशोधकाने तोच विचार थोडक्या पानांत लिहून डार्विनलाच अभिप्रायासाठी पाठवला होता. वीस वर्षांचे काम हातचे गेले असे डार्विनला वाटले. मित्रांनी तोड काढली: १ जुलै रोजी लिनियन सोसायटीत दोघांचेही लेखन एकत्र वाचण्यात आले. डार्विन हजर नव्हता. दीड वर्षाचा धाकटा मुलगा तीनच दिवसांपूर्वी तांबड्या तापाने गेला होता. वॉलेसला तर ह्या वाचनाची वार्ताही नंतर कळली. पण त्याने जन्मभर डार्विनविषयी आकस धरला नाही. आम्हा कलावंतांत हे उदाहरण फार सापडायचे नाही.

२४ नोव्हेंबर १८५९ रोजी ‘जातींचा उगम’ हा ग्रंथ बाहेर पडला. पहिल्या आवृत्तीच्या १,२५० प्रती, किंमत १५ शिलिंग. पुस्तकविक्रेत्यांनी पहिल्याच दिवशी साऱ्या उचलल्या. सबंध ग्रंथात चित्र एकच, घडी उलगडून पाहायचे. प्राण्याचे नाही, पक्ष्याचे नाही, फक्त रेघांचे. तळाशी ए पासून एल पर्यंत अकरा जाती. वर चौदा आडव्या ओळी, प्रत्येक ओळ म्हणजे हजार किंवा त्याहून अधिक पिढ्या. ए ला फाटे फुटत फुटत वर आठ जाती झाल्या, आय च्या सहा झाल्या, एफ जवळजवळ न बदलता सरळ वर गेली. बाकीच्या आठ निर्वंश. अकराच्या जागी पंधरा, पण तीनच घरांतल्या. वहीतली बावीस वर्षांपूर्वीची काटकी मोजून-मापून येथे छापली गेली.

ह्या चित्रात खोड नाही. शेंडाही नाही. वरच्या ओळीवरच्या पंधराही जाती एकाच उंचीवर आहेत, कारण उंची म्हणजे काळ, मोठेपणा नव्हे. आज जगणारा वड, मुंगी, बेडूक, माणूस हे सारे आजचेच. कोणी मागे राहिलेला नाही, कोणी पुढे गेलेला नाही. ही गोष्ट डार्विनच्या अनुयायांनाही पचली नाही. जर्मनीतल्या हेकेलने १८७४ च्या ग्रंथात जाडजूड ओकवृक्ष काढला, आणि शेंड्यावर बसवला माणूस. चित्र देखणे, म्हणून तेच लोकांच्या डोळ्यांत राहिले. मी स्मरणिकेत काढलेले झाड हेकेलच्या जातकुळीचे होते, हे वेगळे सांगायला नको.

माणूस माकडापासून झाला, हे वाक्यही त्याच शिडीच्या कल्पनेतून आलेले. ते कसे फसवे आहे हे बडोदेकरांना समजवायला फार सायास नकोत, कारण डार्विनने स्वतःच आपल्या ग्रंथात भाषांचे उदाहरण घेतले आहे. आपण घरी मराठी बोलतो आणि बाजारात गुजराती. मराठी गुजरातीपासून निघाली असे आपण म्हणत नाही, गुजराती मराठीपासून असेही नाही. दोघींची वाट मागे जाऊन प्राकृतांत भेटते. तद्वत चिंपांझी आपला आजोबा नव्हे. सुमारे साठ-सत्तर लाख वर्षे मागे गेले की त्याची आणि आपली वाट भेटते. आज तपासलेल्या जनुकांवरून असेही दिसते की चिंपांझीला गोरिला जितका जवळचा त्याहून आपण अधिक जवळचे आहोत. केसाळ अंग पाहून कोणाला हे सुचले असते? २०२३ साली एन.सी.ई.आर.टी.च्या दहावीच्या विज्ञान-पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळण्यात आला, ह्याचे मला म्हणूनच वाईट वाटले. पुढे विज्ञान न घेणाऱ्या मुलाची ह्या विषयाशी गाठ पडण्याची ती शेवटची जागा होती.

दिसणे आणि नाते ह्यांतला फरक पाहायचा असेल तर फार लांब जायला नको. आपल्या कमाटीबागेतल्या संग्रहालयात एक प्रचंड सांगाडा आहे. मही नदीच्या मुखाशी १९४४ साली वाहून आलेल्या देवमाशाचा. लहानपणी आपण सारे त्याच्याखाली तोंड वासून उभे राहिलो आहोत. नाव देवमासा, आकार माशाचा, राहणे पाण्यात. पण पुढच्या वल्ह्यासारख्या अवयवाची हाडे पाहावी: दंडाचे एक हाड, मग जोडीने दोन, मग मनगट, मग बोटे. आपला हात तसाच. देवमासा पिलांना दूध पाजतो हे तर सर्वश्रुत आहे. डार्विनने पहिल्या आवृत्तीत तोंड उघडे ठेवून पोहणाऱ्या अस्वलाचे उदाहरण देऊन देवमाशासारखा प्राणी कसा घडू शकेल ह्याची कल्पना केली. लोक हसले, आणि पुढच्या आवृत्तीत त्याने ते बहुतेक काढून टाकले. अस्वलाचा तर्क चुकलाच होता. आज जनुके सांगतात की देवमाशाचा सर्वांत जवळचा जिवंत नातलग पाणघोडा. आणि जमिनीवरून पाण्यात शिरणाऱ्या त्या पूर्वजांची हाडे सापडली ती आपल्याच गुजरातेत, कच्छच्या चार कोटींहून अधिक वर्षे जुन्या खडकांत. त्यांचा आणखी एक भाऊबंद, मांजरापेक्षा फारसा मोठा नसलेला खुरांचा प्राणी, जम्मूकडच्या कालाकोटच्या दगडांत मिळाला. कानाच्या हाडावरून २००७ साली त्याचे देवमाशाशी नाते जुळवले गेले.

एक ठिकाणी मात्र डार्विनची आकृती कमी पडते. आमच्या विद्येच्या वंशावळीत एक शिष्य दोन गुरूंची तालीम घेतो आणि वेगळ्या झालेल्या फांद्या पुन्हा मिळतात. जंतूंमध्येही तसेच चालते. एका कुळातला जंतू भलत्याच कुळातल्या जंतूकडून जनुके घेतो. त्यामुळे झाडाच्या अगदी मुळाशी रेघांचे जाळे झाले आहे असे आजचे शास्त्रज्ञ मानतात. आपले गाव वडाच्या नावाचे आहे. पारंब्या उतरून कुठले खोड मूळचे हे ओळखू येऊ नये, असा वड डार्विनला इंग्लंडात कुठून दिसणार?

१८७१ साली त्याने माणसाच्या वंशावर ग्रंथ लिहिला. त्यात संगीताचाही विचार आहे: माणूस शब्द बोलू लागण्यापूर्वी जोडीदाराला रिझवण्यासाठी सूर काढत असावा, असे त्याचे अनुमान. ते खरे की खोटे हा वाद अजून मिटलेला नाही. स्वतः डार्विनची उतारवयात मात्र गाण्यातली गोडी ओसरली. तरुणपणी अंगावर शहारा आणणारे सूर आता त्याला फक्त कामाचे विचार सुचवत. पुन्हा जन्म जगायला मिळाला तर आठवड्यातून एकदा तरी गाणे ऐकण्याचा नेम ठेवीन, असे त्याने आत्मवृत्तात लिहून ठेवले. संध्याकाळी एमा पियानो वाजवी आणि तो कोचावर पडून राही. मग सोंगट्यांसारखा बॅकगॅमनचा खेळ होई, रोज दोन डाव. त्याचा हिशेबही ह्या माणसाने ठेवला. १८७६ पर्यंत त्याने २,७९५ जिंकले होते, तिने २,४९०.

शेवटचा ग्रंथ १८८१ चा, गांडुळांवर. गांडुळांना ऐकू येते का हे पाहण्यासाठी घरात शिट्टी फुंकली, मुलाने बसून नावाचे मोठे सुषिर वाद्य वाजवले, गांडुळे ढिम्म. मग मातीची कुंडी पियानोवर ठेवून खर्जातला एक सूर दाबला, त्याबरोबर ती बिळात शिरली. कानाने नव्हे, अंगाने ऐकत होती. सुराचा कान नसलेल्या ह्या म्हाताऱ्याने तो प्रयोग किती मन लावून केला असेल!

१९ एप्रिल १८८२ रोजी डाउनच्या घरी तो वारला. त्याला गावच्या दफनभूमीत पुरायचे घरच्यांच्या मनात होते. पण विद्वानांनी आग्रह धरला आणि २६ एप्रिलला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत, न्यूटनच्या समाधीपासून जवळच, त्याला जागा मिळाली.

‘बी’ अक्षराची ती वही केंब्रिजच्या विद्यापीठ-ग्रंथालयात होती. नोव्हेंबर २००० मध्ये ती आणि तिची जोडीदार ‘सी’ वही छायाचित्रे घेण्यासाठी बाहेर काढली, आणि पुढे दोन महिन्यांत दोन्ही जागेवर नाहीत असे आढळले. कुठे चुकून ठेवली गेली असतील म्हणून वर्षानुवर्षे शोध चालला. २०२० त चोरी मानून लोकांना जाहीर आवाहन केले. ९ मार्च २०२२ रोजी ग्रंथपालांच्या कचेरीबाहेर जमिनीवर कोणीतरी एक गुलाबी रंगाची भेटवस्तूची पिशवी ठेवून गेले. आत मूळचा निळा डबा, डब्यात दोन्ही वह्या, आणि पाकिटावर ग्रंथपालांना ईस्टरच्या शुभेच्छा. ठेवणारा कोण ते कळले नाही. छत्तिसावे पान जसेच्या तसे होते.